विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी पहिले पिस्तूल... यवतमाळमध्ये परवाना कसा मिळतो, पर्याय कोणते?

‘पहिले पिस्तूल कोणते घ्यावे’ असे यूट्यूबवर शोधले की अमेरिकेतील एखादा दुकानदार ९ एमएमचे ग्लॉक हातात घेऊन समजावू लागतो. रोज कमरेला लावून फिरण्यासाठी कोणते हलके, कोणते शर्टाखाली दिसत नाही, मॅगझिनमध्ये किती गोळ्या बसतात वगैरे. यवतमाळ, वणी किंवा पुसदमध्ये बसून हा व्हिडीओ पाहणाऱ्याला त्यातले जवळपास काहीच लागू पडत नाही. ९ एमएम हे भारतात प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. आणि ‘कोणते घ्यावे’ हा प्रश्न इथे सर्वात शेवटी येतो. त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालय एकच विचारते, ‘कशाला हवे?’

शस्त्र बाळगणे हा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेत १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. भारतात तसा मूलभूत हक्क नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात हा फरक स्पष्टपणे बोलून दाखवला. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत परवाना मिळतो. तो देणे न देणे प्रशासनाच्या हाती असते.

कायद्याच्या कलम १३मध्ये एक बारकावा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक (म्हणजे गावाकडची बारा बोअर) संरक्षणासाठी मागितली किंवा पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अपात्रतेचे कारण नसल्यास परवाना ‘द्यावा’ अशी भाषा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ असल्याची प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. लपवता येणाऱ्या शस्त्राकडे कायदा आधीपासूनच संशयाने पाहतो.

मग सबळ कारण कोणते?

व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीविताच्या अथवा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज असणारा माणूस, असे नियम म्हणतात. समजा, हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरणारा कापूस व्यापारी आहे, सराफ आहे किंवा पेट्रोल पंपचालक आहे. केवळ धंदा सांगून भागत नाही. धमकी आली असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, रोकड वाहतुकीचे पुरावे, प्राप्तिकर विवरणपत्रे अशी कागदपत्रे जोडल्यास बाजू भक्कम होते. ‘समाजात वावर आहे’, ‘राजकारणात आहे’ ही कारणे अर्जात वजनदार वाटतात, पण ती गरज सिद्ध करत नाहीत. उलट, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे. पिस्तूल हे श्रीमंतीचे प्रमाणपत्र नव्हे, असे कायदा १९५९पासून सांगतो. लग्नाच्या वरातीत मात्र वेगळेच दिसते.

रानडुकरे आणि वाघ यांचे काय, असा प्रश्न राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात हमखास निघतो. ‘अवनी’ वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच भागात ठार करण्यात आले, तोवर १३ जणांचे बळी तिच्या नावावर लागले होते. त्या काळातली भीती लोक विसरलेले नाहीत. पण छोट्या नळीचे, .३२ बोअरचे हत्यार अशा प्राण्यांपुढे कुचकामी आहे. शिवाय परवानगीशिवाय वन्यप्राणी मारणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शेतासाठी पिस्तूल मागणाऱ्याचा अर्ज इथेच संपतो.

अर्ज कुठे, कसा?

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत परवाना पोलीस आयुक्त देतात. यवतमाळ जिल्ह्यात तो अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज केंद्राच्या एनडाल-एलिस या ऑनलाइन प्रणालीत नमुना ए-१मध्ये भरायचा असतो. वय किमान २१ हवे. ओळख व पत्त्याच्या पुराव्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यात शारीरिक आणि मानसिक प्रकृती ठीक असल्याचे आणि व्यक्ती नशेच्या आहारी गेलेली नसल्याचे नमूद असावे लागते. शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमीही लिहून द्यावी लागते.

त्यानंतर अर्ज पोलिसांकडे जातो. दाखल गुन्हे, शेजाऱ्यांशी वाद, भाऊबंदकीतले खटले, धमकीत तथ्य आहे का, हे सगळे स्थानिक ठाण्यातून तपासले जाते. नियमानुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायचा असतो. नकार आल्यास त्याची लेखी कारणे मागता येतात आणि ३० दिवसांत अपील करता येते. यवतमाळकरांसाठी ते अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे जाते.

प्रशिक्षण हा भाग अनेकांना निव्वळ कागदोपत्री वाटतो. शस्त्र हाताळणे, नेणे, झाडणे, साठवणे आणि कायद्याची ओळख असा अभ्यासक्रम २०१६च्या नियमांत ठरवून दिला आहे. ज्याने आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही त्याला परवान्याच्या पुस्तिकेपेक्षा या काही तासांचा जास्त उपयोग आहे.

सध्या छाननी कडक का?

बीडमुळे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर हवेत गोळीबार करणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे व्हिडीओ पुढे आले आणि एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची आकडेवारी चर्चेत आली. पुढे तिथे शंभरावर परवाने रद्द झाले. कुणाला, कोणत्या कारणासाठी परवाना दिला, हे आता कोणत्याही जिल्ह्यात विचारले जाऊ शकते.

परवाना मिळाला. आता कोणते घ्यायचे?

यादी छोटी आहे. परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने बाजारात प्रामुख्याने देशी बनावटीची .३२ बोअरची शस्त्रे मिळतात. कधीकाळी आयात झालेली जुनी परदेशी शस्त्रे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात, तीही अव्वाच्या सव्वा किमतीला.

रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचे ‘निर्भीक’ जानेवारी २०१४मध्ये आले. दिल्लीतील ‘निर्भया’ प्रकरणानंतर महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये. ज्यांच्यासाठी ते काढले त्यांतल्या किती जणींना ही किंमत परवडणार, ही टीका तेव्हाच झाली होती. १८ ऑगस्ट २०२३ रोजी कानपूरच्याच एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीने ‘प्रबळ’ बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे १ लाख ४० हजार रुपये जाहीर झाली होती आणि मारा ५० मीटरपर्यंत असल्याचे सांगितले गेले. याआधीच्या देशी रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे भरायला नळी खाली दुमडावी लागे. ‘प्रबळ’मध्ये काडतुसांचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे आत गोळी आहे की नाही हे चटकन दिसते. खासगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनू लागली आहेत. पिस्तूल हवे असेल तर सरकारी कारखान्याचे ‘अशनी’ हे ओळखीचे नाव.

या किमतींवर कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरील जीएसटी २८वरून ४० टक्के झाला आहे. लाखाच्या वस्तूवर ४० हजार कर, म्हणजे एक बरी दुचाकी घेता-घेता राहिली.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

पिस्तूल चपटे असते, लपायला सोपे. पण चेंबर, मॅगझिन, सेफ्टी खटका, गोळी अडकली तर काय करायचे, हे सगळे हाताच्या सवयीचे व्हावे लागते. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, हा सर्वात घातक गैरसमज आहे. एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असू शकते. रिव्हॉल्व्हर जाड असते, त्यात साधारण सहाच गोळ्या बसतात, पण यंत्रणा सोपी आणि डोळ्यांनी तपासता येण्याजोगी. वर्षातून दोन-चार वेळाच हातात घेणाऱ्या माणसासाठी दुसरा पर्याय बरा. ५० मीटरचा मारा वगैरे जाहिरातीपुरते ठीक. स्वसंरक्षणाचा प्रसंग दोन-चार पावलांच्या अंतरावर येतो.

काडतुसांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. दोन्हींवर ‘.३२’ लिहिलेले असले तरी रिव्हॉल्व्हरचे आणि पिस्तुलाचे काडतूस वेगळे आहे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड असते. ते एकमेकांत वापरायचे नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ असते, तो पुण्याच्या खडकी कारखान्याचा शिक्का.

निवडताना मात्र एक कसोटी बाकी सगळ्यांच्या आधी यायला हवी. शस्त्र हातातून पडले तर गोळी सुटेल का? १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना निसटून पडले आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली. जुन्या धाटणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याचे टोक काडतुसाच्या बुडाला जवळजवळ टेकलेले असते. ते घोड्यावर आपटले की हातोडीने खिळा ठोकल्यासारखा दाब थेट बुडावर येतो आणि गोळी उडते. नव्या रचनांमध्ये घोडा आणि काडतूस यांच्या मधे एक पट्टी असते. चाप पूर्ण दाबल्याशिवाय तो मार्ग जुळत नाही. खरेदीच्या वेळी दुकानदाराला ही पट्टी आहे का, हे विचारावे आणि उघडून दाखवायला सांगावे. पट्टी नसेल आणि तरी तेच घ्यायचे असेल, तर घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवण्याची जुनी पद्धत आजही योग्यच आहे. वापरलेले शस्त्र घेत असाल तर परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे.

लपवून नेणे चालते?

चालते म्हणण्यापेक्षा तसेच न्यावे लागते. २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक अंगाला लावलेल्या पट्ट्यात किंवा तशाच बॅगेत, पूर्ण झाकलेली आणि स्वतःच्या ताब्यात असली पाहिजे. ती दिसेल अशी मिरवणे, उगारणे हा नियमभंग. लग्नात किंवा मिरवणुकीत हर्षाने गोळीबार केला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. यवतमाळच्या मे महिन्यात ४५ अंशांत सुती शर्टाखाली पाऊण किलोचे लोखंड रोज बाळगणे किती जणांना जमेल, हा वेगळाच प्रश्न. घामाने गंज चढतो तो निराळा.

रोज न बाळगणाऱ्यांचे शस्त्र घरात असते आणि धोका तिथेच जास्त असतो. कुलूपबंद पेटी, काडतुसे वेगळ्या जागी, किल्ली मुलांच्या हाती न लागेल अशी. घरात कुणी नैराश्यातून जात असेल तर शस्त्र घरात नसणेच बरे. ते काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येते. दुसऱ्याच्या हाती ते देणे तर गुन्हाच. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हा याने फेसबुक लाइव्हदरम्यान गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे होते. अंगरक्षकालाही अटक झाली.

वापरण्याची वेळ आलीच तर भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा अधिकार देतात, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळापुरता. पळून जाणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी त्यात बसवणे कठीण.

देशी कट्टा स्वस्त पडतो, त्याचे काय?

मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून येणारे कट्टे काही हजारांत मिळतात, हे उघड गुपित आहे. विनापरवाना अग्निशस्त्र सापडल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड. शिवाय घरगुती भट्टीत घडवलेल्या नळीला दाब सोसण्याची हमी नाही. ती हातातच फुटू शकते.

परवान्यानंतर काय?

एका व्यक्तीला आता तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा असतो. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचे. परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्राबाहेर शस्त्र न्यायचे नाही. निवडणूक लागली की जिल्हास्तरीय छाननी समिती आढावा घेते आणि ज्यांना सांगितले जाईल त्यांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४मध्ये एप्रिलची लोकसभा आणि नोव्हेंबरची विधानसभा अशी ही वेळ एकाच वर्षात दोनदा आली.

परवानाधारकाचा मृत्यू झाला तर शस्त्र वारशाने आपोआप मुलाकडे येत नाही. जुन्या पाटील-देशमुखांच्या वाड्यात आजोबांची बारा बोअर ‘आठवण’ म्हणून भिंतीवर टांगलेली असेल आणि परवाना आजोबांबरोबरच संपला असेल, तर ते बेकायदा शस्त्रच ठरते. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा असतो.