मोत्याला आग चालत नाही

नथ करणाऱ्या बाईंचं सगळं दुकान मसाल्याच्या डब्यात मावतं. जिरं-मोहरीच्या वाट्यांमध्ये मोती, एका वाटीत लाल खडे, एकीत हिरवे, एकीत ‘लोरियल’, म्हणजे आत तार घालून वर फास वळवून तयार मिळणारे बारीक लटकन. डब्याशेजारी चपट्या तोंडाची एक पक्कड, गोल निमुळत्या तोंडाची दुसरी, एक कटर आणि तारेची दोन रिळं, एक जाड, एक बारीक. बस्स. बागेसरी नाही, फुंकणी नाही, टाकणखार नाही, ॲसिडची बरणी नाही. सोनाराकडे ज्या आगीने दागिना जोडला जातो, ती आगच इथे नाही. पुण्यातल्या, नाशिकमधल्या, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत दुपारची भांडी आवरली की हा डबा उघडतो आणि चहाच्या वेळेपर्यंत नथ उभी राहते. कधी पेशवाई, कधी कारवारी, आणि ‘जय मल्हार’ मालिकेनंतर घरोघरी मागणी आलेली बानू नथ.

हे घरगुती काम म्हणून कुणी नाक मुरडू नये. खऱ्या सोन्याची, बसरा मोत्याची नथसुद्धा मुळात याच रीतीने बांधतात. कारण मोत्यातच आहे. मोती हा दगड नव्हे. शिंपल्यात थरावर थर चढलेलं कॅल्शियम कार्बोनेट आणि ते थर धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य अशी त्याची घडण. ज्योत लागली की ते द्रव्य जळतं, मोती काळवंडतो, तडकतो. पाचूलाही आग मानवत नाही. त्याच्या अंगच्या भेगा झाकायला बहुधा तेल भरलेलं असतं, ते उष्णतेने बाहेर येतं आणि भेगा उघड्या पडतात. म्हणून सोनार आगीचं काम आधी उरकतो. खड्याचं कोंदण झाळून (आगीने जोडून), घासून, उजळून घेतो आणि मग भट्टीपासून लांब बसून मोती बांधतो. नथीत कोंदणाचा भाग लहान, मोत्यांचा मोठा. त्यामुळे पारंपरिक दागिन्यांमध्ये झाळकाम सर्वांत कमी असलेला हा दागिना असावा.

तार किती जाड घ्यायची, हेही मोतीच ठरवतो. नैसर्गिक मोती वजनावर विकला जायचा, त्यामुळे भोक पाडताना जितकं द्रव्य वाचेल तितकं वाचवलं जाई. भोक बारीक, म्हणून तार बारीक. शिवाय नथीत बऱ्याच मोत्यांतून तार दोनदा जावी लागते, एकदा जाताना, एकदा परतताना. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तार मागितली की दुकानदार विचारतो, ‘किती गेज?’ गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे नवख्याला उलटं वाटतं. त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. आपल्याकडे तांब्याच्या तारेला जुनी ब्रिटिश मापं चालतात, तर बाहेरून येणाऱ्या हस्तकलेच्या रिळांवर अमेरिकन. ब्रिटिश मापाची २८ गेजची तार ०.३७६ मिलिमीटर जाड असते, अमेरिकन मापाची ०.३२१. फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, पण दुसऱ्या फेरीला तार मोत्यात जाणार की अडणार, याचा निकाल तिथेच लागतो. म्हणून जाणत्या बाया खिशात एक मोती ठेवतात आणि दुकानातच तार ओवून बघतात.

काम जाड तारेपासून सुरू होतं. वीस गेजचा बोटभर तुकडा पेनाभोवती वळवून नथीची कमान आणि नाकात जाणारा आकडा तयार होतो. मग हातभर बारीक तार. तिचं टोक कमानीवर तीन-चार वेढे देऊन आवळायचं. वेढे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. एक मोती ओवायचा, कमानीला टेकवायचा, अंगठ्याने तिथेच दाबून धरायचा, तार खालून आणून कमानीला एक वेढा. पुढचा मोती, पुढचा वेढा. डावा हात फक्त धरतो, उजवा फक्त फिरतो. पहिली ओळ झाली की मधला खडा बसवतात. त्याच्या घराला कडेने भोकं असतात, त्यातून तार काढून तो मोत्यांच्या मधोमध ओढून घेतात. दुसऱ्या ओळीचे मोती पहिल्या ओळीच्या फटींवर येतात आणि प्रत्येक मोती खालच्या दोघांना जागेवरून हलू देत नाही. एका मोत्याने दुसऱ्याला अडकवून ठेवायचं, ही या बांधणीतली खरी युक्ती.

‘ताई, तार तुटली!’ हे नथीच्या वर्गात सतत ऐकू येतं. तुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. तार ओढताना तिला आटी पडते. ती तशीच ओढली की आटी घट्ट होऊन तिथे तीक्ष्ण मोड येतो आणि पुढच्या एक-दोन वळणांत तार जाते. आटी दिसताच थांबायचं, बोटांनी ती उलट्या दिशेने मोकळी करायची आणि मगच ओढायचं. सांगायला सोपं, पण हाताला घाई असते. दुसरी खोड पकडीच्या दातांची. दात्यांची पक्कड सोनेरी मुलाम्यावर ओरखडे काढते आणि आतलं लाल तांबं दिसू लागतं. त्यामुळे गुळगुळीत तोंडाची पक्कड घ्यावी किंवा तोंडाला चिकटपट्टी गुंडाळावी.

शेवटचं टोक हा सगळ्या कामाचा कस. तार परत एका मोत्यातून घालायची, मोत्याआड दोन वेढे द्यायचे, कटरने अगदी लगत कापायची आणि उरलेलं टोक चपट्या पकडीने मोत्याच्या पोटाकडे दाबायचं. नाकाला टेकणाऱ्या बाजूला टोक राहिलं तर नथ कितीही सुंदर असो, लग्नाच्या मांडवात ती नाकातून निघते आणि पर्समध्ये जाते.

तार मोडते ती फक्त आटीने नाही. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती ताठ होते आणि शेवटी तुटते. धातूच्या आत अणूंच्या रांगा सरकतात, एकमेकींत अडकतात आणि पुढे सरकायला जागा उरत नाही. हा दोष खराच, पण झाळ न लावता काम करणाऱ्याचं सर्वांत मोठं भांडवलही हेच. झाळताना दागिना तापतो आणि धातू मऊ पडतो. थंड कामात उलट, प्रत्येक वळणाबरोबर तो कडक होत जातो. कानातल्याचा आकडा वळवून झाला की तो ऐरणीवर ठेवून हलक्या हाताने चार ठोके मारतात. तार किंचित चपटी होते आणि मग वाकायला तयार नसते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जाण्याचं मठारकाम दिसायला नक्षी वाटतं, पण त्या प्रत्येक ठोक्याने पातळ पत्र्याला ताकद मिळते. ताठ झालेला धातू पुन्हा वळवायचा असेल तर मात्र तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवावा लागतो. म्हणजे आग पूर्णपणे सुटत नाही. जोडायला नको असली तरी मऊ करायला हवी असते.

तारेने बांधता येत नाही तिथे रिव्हेट. पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे, तारेच्या जाडीचंच भोक पाडायचं, तार घालून दोन्ही बाजूंना तिच्या जाडीच्या निम्मी बाहेर ठेवायची आणि लहान हातोडीने टोकं पसरवायची. एका बाजूला दोन ठोके, उलटून दुसऱ्या बाजूला दोन. एकाच बाजूला ठोकत राहिलं तर तार भोकात वाकते. भोक तारेहून मोठं झालं तर काही केल्या सांधा घट्ट होत नाही. सगळी भोकं एकदम पाडणं ही नवशिक्याची हौस. जाणकार पहिलं रिव्हेट पक्कं करतो, मग दोन्ही थरांतून दुसरं भोक पाडतो, म्हणजे भोकं जुळली नाहीत अशी वेळच येत नाही. सांधा हलता हवा असेल तर ठोकताना दोन पत्र्यांमध्ये कागद ठेवतात आणि नंतर काढून टाकतात. अडकित्त्याची खीळही याच जातीची, आणि ती पिढ्यानपिढ्या सुपारी फोडते आहे.

या थंड कामाला कलेच्या दालनात मान मिळवून दिला तो अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर याने. तो १८९८ मध्ये जन्मला, १९७६ मध्ये गेला. हवेत हलणारी शिल्पं ही त्याची ओळख, पण आयुष्यभरात त्याने सुमारे १,८०० दागिनेही केले. लहानपणी वीजतारा जोडणाऱ्यांनी टाकून दिलेले तांब्याचे तुकडे गोळा करून त्याने बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने वळवले होते. मोठेपणीही त्याची रीत तीच राहिली. पितळ, चांदी, क्वचित सोन्याची तार ठोकून चपटी करायची, गुंडाळी वळवायची आणि जोड हवा तिथे फास, वेढा किंवा रिव्हेट. झाळ तो क्वचितच लावत असे. जोड लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. फास हीच त्याची नक्षी. ऑक्टोबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कला पेगी गुगेनहाइमने आपलं कलादालन उघडलं, तेव्हा तिच्या एका कानात काल्डरचं डूल होतं आणि दुसऱ्या कानात चित्रकार इव्ह तांगीचं. अमूर्त आणि अतिवास्तव, दोन्ही पक्षांना सारखा मान! १९५५ मध्ये काल्डर गिरा साराभाईंच्या आमंत्रणावरून अहमदाबादला आला आणि तिथे राहून त्याने शिल्पं केली. २००८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्या दागिन्यांचं वेगळं प्रदर्शन मांडलं.

पण आगीविना सांध्याचा कळस बघायचा तर जयपूर-बिकानेरचं कुंदनकाम बघावं. लाखेवर खडा बसवतात आणि त्याच्या कडेने २४ कॅरट सोन्याच्या पातळ पट्ट्या पोलादी हत्याराने दाबत जातात. शुद्ध सोन्यावर गंज धरत नाही, त्यामुळे नुसत्या दाबाने एक पट्टी दुसरीशी एकजीव होते. खड्याभोवती सोन्याची सलग कड उभी राहते आणि ती जोडायला ज्योत लागलेली नसते. हे २२ कॅरटमध्ये साधत नाही. मिसळलेलं तांबं आडवं येतं.

झाळेच्या विरोधात एक व्यवहारी मुद्दाही आहे. झाळ म्हणजे दागिन्यापेक्षा लवकर वितळणारा धातू. पूर्वी सोन्यात तांबं-चांदी मिसळून ती करत, आणि जितकी झाळ जास्त तितका वितळवताना कस कमी भरे. त्यावर तोड म्हणून कॅडमियम आलं, आणि ‘केडीएम’ हा शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी शुद्धतेची खूण म्हणून बसला. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं. सोनं जोडताना ज्योत त्याच्या वर जाते, त्यामुळे कॅडमियमची वाफ थेट कारागिराच्या छातीत. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्हींना ती घातक. भारतीय मानक ब्यूरोने त्यावर बंदी घातली, तरी काही गिऱ्हाइकं अजून कौतुकाने ‘केडीएमचं द्या’ म्हणतात. हॉलमार्क मागावा, केडीएम नव्हे.

असं असलं तरी थंड काम सगळ्याला पुरत नाही. गोल बंद बांगडी, पोकळ मणी, अंगठीचं अखंड कडं यांना झाळ हवीच. रोज पाण्यात, साबणात, भांड्यांत जाणारा हात तारेच्या वेढ्यांत मळ साठवतो. उघड्या कड्यांची साखळी जोराने ओढली गेली की कडी फाकते. कडी उघडताना टोकं दोन्हीकडे ओढून पसरवायची नाहीत. एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडायचं आणि तसंच पिळून मिटवायचं, म्हणजे गोलाई बिघडत नाही. मात्र जिथे मोती आहे, खडा आहे, जिथे दागिना हलायला हवा किंवा पुढे कधीतरी उसवून पुन्हा बांधायला हवा, तिथे तार झाळेपेक्षा सरस. आजीची नथ सैल झाली तर मोती न गमावता पूर्ण उकलून नव्या तारेत बांधता येते.

नथ घेताना ती उलटी करून मागून बघा. वेढे शेजारी-शेजारी बसलेत का, टोक मोत्याआड गेलंय का, मोती बोटाने ढकलला तर फिरतो का, हे तपासायला मिनिटही लागत नाही. मागचं काम नीट असेल तर सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका. त्यात मोती-तारेचा वाटा थोडा आणि बाईंच्या दुपारचा मोठा असतो. आणि टोक टोचलंच, तर तिथल्या तिथे दाबून मागा. पक्कड त्यांच्या डब्याशेजारीच असते.