टिप्या उठत का नाही?

आमच्या घरात तव्यावर सुकट पडली की टिप्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर झालाच म्हणून समजा! सुकटीत मीठ फार असतं, म्हणून त्याला ती आम्ही देत नाही. पण वास घ्यायला कुणाची बंदी आहे? पाच वर्षं हा नेम कधी चुकला नव्हता. ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी मात्र सुकट भाजून झाली, तवा खाली उतरला, तरी उंबरा रिकामाच.

"आई, टिप्या उठतच नाहीये!" धाकटी पडवीतून ओरडली.

बाहेर जाऊन पाहते तो काय, बिचारा उठायची धडपड करत होता. पुढचे पाय रोवले, छाती वर उचलली, पण मागचा भाग काही केल्या साथ देईना. कसाबसा उठला तेव्हा मागच्या उजव्या पायाची नखं लादीवर खर्र खर्र घासत होती. चार पावलं टाकून तो पुन्हा बसला आणि आमच्याकडे असा बघू लागला की जशी काही चूक त्याचीच झाली आहे.

आम्ही राहतो कुंभवलीला. पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळ, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून. रस्त्यावर दिवसरात्र टँकर आणि ट्रक चालू. त्यामुळे पहिली शंका आली ती गाडीच्या धक्क्याची. पण रात्रभर तो फाटकाच्या आतच होता आणि अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं.

अर्ध्या तासात पडवी माणसांनी भरली. कुणी म्हणालं, "लकवा मारलाय, गरम तेलाने चोळा." कुणी म्हणालं, "पाय उतरला असेल, ओढून बसवा." आजींनी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. त्याने टिप्याचं काही बिघडलं नाही. बिघडणार होतं ते माझ्यामुळे.

आजींच्या गुडघेदुखीची एक गोळी डब्यात होती. म्हटलं, दुखतंय ना, देऊ या अर्धी. पोळीच्या तुकड्यात गुंडाळलीसुद्धा! आमचा थोरला दहावीत आहे. तो म्हणाला, "आई, आधी डॉक्टरांना फोन तरी कर." मी जरा चिडूनच फोन लावला. पलीकडून पशुवैद्यांनी गोळीचं नाव विचारलं आणि म्हणाले, "ताई, ती पोळी आधी कचऱ्यात टाका."

आपल्या दुखण्यावरच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की जठराला जखमा होऊ शकतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही त्यातली ठळक नावं. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं, याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण तर गिधाडांचं आहे. गुरांना डायक्लोफिनॅक दिलं जाई. अशी गुरं मेली की गिधाडं त्यांचं मांस खात आणि मूत्रपिंडं बंद पडून मरत. आकाशातली गिधाडं दिसेनाशी झाली तेव्हा कुठे कारण सापडलं आणि २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माझी अर्धी गोळी कचऱ्यात गेली, ते फार बरं झालं.

टिप्याला उचलायचं कसं, हाही प्रश्नच होता. पाठीच्या कण्याला इजा असली तर काखेत धरून लोंबकळत नेणं धोक्याचं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून जुन्या कपाटाची एक फळी काढली, तिच्यावर गोधडी घातली आणि दोघांनी मिळून त्याला अलगद तिच्यावर सरकवलं. तोंडाला माझी ओढणी सैलसर बांधली. आमचा टिप्या आजवर कुणाला चावलेला नाही, पण वेदनेत गरीब कुत्राही चावतो, बरं का! मग फळीसकट रिक्षात. कुंभवली नाक्यापासून बोईसरपर्यंतचा एकेक खड्डा मला त्या दिवशी पाठ झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी टिप्याकडे नव्हे, त्याच्या लसीच्या कार्डाकडे पाहिलं. रेबीजची लस एप्रिलमध्ये टोचलेली होती. "हे बरं केलंत," ते म्हणाले. रेबीज म्हटलं की आपल्याला पिसाळलेला, अंगावर धावणारा कुत्रा आठवतो. पण या रोगाचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा शांत पडतो, जबडा लोंबतो, पाय लुळे पडतात. म्हणून लस न टोचलेला कुत्रा अचानक असा पडला तर मुलांनी त्याच्या जवळ जायचं नाही, तोंडात हात घालायचा नाही, लाळेला शिवायचं नाही. मोठ्यांना हाक मारायची.

मग तपासणी सुरू झाली. धाकटीची सहामाही परीक्षा चालू होती आणि नेमका तो सुट्टीचा दिवस होता, म्हणून ती बरोबर आली होती. डॉक्टरांनी टिप्याला थोडं चालवलं आणि तिला विचारलं, "डोकं बघ त्याचं. वरखाली होतंय का?" ती म्हणाली, "नाही." कुत्र्याच्या वजनाचा जवळजवळ साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार तेवढा कमी होतो. डोकं हलत नव्हतं, म्हणजे निदान त्या घडीला पुढचे पाय ठीक होते.

यानंतरची युक्ती पाहण्यासारखी होती. टिप्याला उभं धरून डॉक्टरांनी त्याचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, आपण मूठ वळून टेकवावी तसा. निरोगी कुत्रा पंजा क्षणात सरळ करतो, कारण "पंजा उलटा पडलाय" हा निरोप कण्यातून मेंदूकडे जातो आणि "सरळ कर" हा हुकूम तिथून परत येतो. टिप्याने डावा पंजा झटकन फिरवला. उजवा जरा सावकाश. की आम्हालाच तसं वाटलं? डॉक्टरांनी तीनदा करून पाहिलं आणि म्हणाले, "दुखतंय म्हणून सावकाश, की निरोप उशिरा पोचतोय म्हणून सावकाश, हे मी आज छातीठोक सांगणार नाही."

तर मग झालंय तरी काय? दुखणं पायातच असू शकतं: पंजात रुतलेला काटा, मुरगळलेला गुडघा, खुब्याचा सांधा. दुखणं कण्यात असू शकतं. (आपल्या मानेत सात मणके, टिप्याच्या मानेत सात आणि उंचच उंच जिराफाच्या मानेतही सातच! गंमत आहे की नाही?) या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. गादी सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली की पाय लुळे पडतात. लांब पाठीच्या डॅशहुंड जातीला हा त्रास जास्त होतो.

आणि दुखणं रक्तातही असू शकतं! डॉक्टरांनी टिप्याच्या कानामागून आणि बोटांच्या बेचक्यातून दोन गोचीड काढून दाखवले. पावसाळ्यानंतरच्या दमट उकाड्यात आमच्याकडे त्यांना काय तोटा! तपकिरी गोचिडाची मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतींच्या फटींत. म्हणून नुसता कुत्रा साफ करून भागत नाही. हा गोचीड रक्त पिता पिता एर्लिकिया नावाचे सूक्ष्म जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडतो. १९३५ साली अल्जीरियात कुत्र्यांमधला हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. त्यात ताप येतो, रक्तातल्या बिंबिका कमी होतात आणि कधीकधी सांधे असे धरतात की कुत्रा उठायलाच नाही म्हणतो. वेळेत ओळखला तर यावर औषध आहे.

टिप्याचं रक्त काढून तपासायला पाठवलं. क्ष-किरण फोटो शनिवारी. रक्ताचा अहवाल सोमवारी.

"तोपर्यंत काय करायचं?" धाकटीने विचारलं.

"तोपर्यंत बघायचं आणि लिहायचं," डॉक्टर म्हणाले. "मी त्याला अर्धा तास पाहिलं. तू त्याला दिवसभर बघतेस. त्याला बोलता येत नाही, मग मला सांगणार कोण?"

खरं सांगते, मला ते आधी मुलीची समजूत घालण्यापुरतंच वाटलं.

घरी आल्यावर पहिलं काम लादीचं. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकत होते, म्हणून पडवीभर गोणपाट अंथरलं. पायऱ्यांपुढे आडवी फळी लावली. चेंडू कपाटात गेला. शूसाठी नेताना पोटाखालून, मागच्या पायांच्या थोडं पुढे, मोठा टॉवेल झोळीसारखा धरायचा. भार आपण घ्यायचा आणि चालायचं त्याने. हे काम थोरल्याचं. एकाच कुशीवर पडून राहिलं की कातडीला जखमा होतात, म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. ह्यांची दुसरी पाळी होती. मध्यरात्री कारखान्यातून आले की हातपाय धुऊन आधी टिप्याची कूस बदलत, मग जेवायला बसत. हालचाल बंद, म्हणून जेवण थोडं कमी. चोळणं, ओढणं, "चाल रे, चाल" करत चालवून पाहणं, सगळं बंद. पाहुण्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं!

डॉक्टरांनी एक ताकीद मात्र दिली होती. दोन्ही मागचे पाय एकदम गेले, बोट चिमटूनही कळेनासं झालं, दिवसभरात शू झाली नाही किंवा श्वास जड झाला, तर अहवालाची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं.

धाकटीने भूगोलाच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून टिप्याची वही केली. कितीला शू, किती पाणी, कोणता पाय, काय करताना कण्हला. मोबाइलवर रोज सकाळ-संध्याकाळ त्याची दहा पावलं टिपायची, एकदा बाजूने, एकदा मागून.

शुक्रवारी रात्री ती माझ्या कुशीत आली. "आई, टिप्या आता कधीच धावणार नाही?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि खोटं सांगायचं जिवावर आलं. जरा वेळ गप्प राहून म्हणाली, "पण आज त्याने सगळं पाणी प्यायलं. मी लिहून ठेवलंय."

शनिवारी फोटो निघाला. कुठे मोडलेलं नव्हतं, खुबे जागच्या जागी होते. आम्ही आनंदाने उड्या मारायच्या बेतात, तर डॉक्टर म्हणाले, "थांबा. क्ष-किरणांत हाडं दिसतात. मज्जारज्जू आणि गादी नीट दिसत नाही." म्हणजे अजून कण्याची शंका होतीच. सोमवारच्या अहवालात काही निघालं नाही, तर मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं. १८८६ साली सुरू झालेलं हे कॉलेज. त्याच्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. आमच्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त. चिल्हार फाट्यावरून महामार्ग धरायचा. ह्यांनी मित्राची गाडी सांगून ठेवली, मी कपाटातले पैसे मोजले.

शनिवारी संध्याकाळी धाकटी वही घेऊन धावत आली. "आई, आज टिप्याचं डोकं वर जातंय! पुढचा डावा पाय टेकला की!" मी म्हटलं, "दुखणं मागच्या उजव्या पायात आहे, तू पुढचा काय बघतेस?" तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. खरंच की! डावा पुढचा पाय टेकला, डोकं वर. गुरुवारच्या चित्रफितीत डोकं अगदी स्थिर होतं.

तिने ती फीत आणि वहीच्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवला. रविवार असूनही त्यांचा फोन आला. "हे कुणी पाहिलं?" मी फोन तिच्याकडे दिला. ती नुसतीच "हो... हो... नाही, तेव्हा नव्हतं" करत होती. मग मला म्हणाले, "कण्यातलं दुखणं सहसा असं एका पायातून दुसऱ्या पायात उडी मारत नाही. मी आता सांध्यांकडे आणि गोचिडाच्या तापाकडे जास्त लक्ष देणार. पण ही अजून शंकाच आहे. अहवाल येऊ द्या. औषध उद्या ठरवू."

आज सोमवार आहे. अहवाल संध्याकाळी पाचला मिळायचा आहे. थोरला गणिताचा पेपर देऊन आला आणि टॉवेल घेऊन टिप्याला बाहेर नेऊन आणलं. मित्राच्या गाडीत डिझेल भरलेलं आहे, लागली तर असावी. धाकटीची वही माझ्यासमोर उघडी आहे. सकाळची नोंद अशी :

"सोमवार, ७ वाजून १० मिनिटं. शू केली. पाणी अर्धी वाटी. उजवा मागचा पाय कालच्यासारखाच. आईने सुकट भाजली. टिप्या उठला नाही, पण मान उचलून स्वयंपाकघराकडे बघत होता. नाक हलत होतं."