चाहत्यांचं मत मोजायचं कसं? केदारखेड्यातल्या एका फसलेल्या प्रश्नावलीची गोष्ट

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. इथे बहुतेक जण अडकतात. विषय असतो, पण त्याचा प्रश्न होत नाही. मीही तिथेच अडकलो होतो. आज माझीच चूक तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे तुमचे काही महिने वाचतील.

माझा विषय आहे मोटरसायकल शर्यतींचे तांत्रिक नियम आणि त्यांबद्दल चाहत्यांना काय वाटतं. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी भारतात पहिल्यांदाच झाली. मार्को बेझेक्की जिंकला. तेव्हापासून आमच्याकडची पोरंसुद्धा मोबाईलवर शर्यती बघायला लागलेली मला दिसली. म्हटलं, पहिली चाचणी गावाकडेच घेऊ. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाताना केदारखेडा लागतं. तिथे ओळख होती, गॅरेजवर बसायला जागा होती. प्रश्नावली छापली आणि निघालो.

पहिलाच प्रश्न असा होता: "2027 पासून मोटोजीपीचं इंजिन 1000 ऐवजी 850 सीसी होणार आहे. यामुळे शर्यत सुरक्षित आणि रंजक होईल असं तुम्हाला वाटतं का?" पर्याय दोनच, होय किंवा नाही.

जवळजवळ सगळ्यांनी "होय" वर खूण केली. मी खूश! घरी येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "त्यांना हा बदल आधी माहीत होता का?" मी गप्प.

आता बघा, त्या एका प्रश्नात किती चुका होत्या.

पहिली चूक: एका प्रश्नात दोन प्रश्न. शर्यत सुरक्षित होईल पण रटाळ होईल, असं ज्याला वाटतं त्याने खूण कुठे करायची? प्रश्नावलीत "आणि" दिसला की थांबा आणि प्रश्नाचे दोन तुकडे करा.

दुसरी चूक: "माहीत नाही" हा पर्यायच नव्हता. गावात कुणी कागद घेऊन आलं, चहा पिऊन विचारायला लागलं, तर "मला ठाऊक नाही" म्हणणं लोकांना अवघड जातं. पाहुण्याला नाराज कसं करायचं? मग माणूस मत नसतानाही मत देतो. आपण ते मोजतो आणि त्याला "जनमत" म्हणतो. म्हणून आधी माहिती विचारा, मग मत. "या बदलाबद्दल ऐकलंय का?" हा साधा प्रश्न आधी ठेवला असता तरी माझं निम्मं काम झालं असतं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. नियमाचा हेतू आणि नियमाचा परिणाम मी एकच धरला होता. याचं उत्तम उदाहरण याच खेळात आहे. 2002 ते 2006 मोटोजीपीत 990 सीसीच्या गाड्या होत्या. वेग फार वाढला म्हणून 2007 पासून मर्यादा 800 सीसी केली. झालं काय? ताकद कमी झाली, पण गाडी चपळ झाली आणि वळणावरचा वेग वाढला. अनेक ट्रॅकवर फेरीचा वेळ उलट कमी झाला. 2012 मध्ये मर्यादा पुन्हा 1000 सीसीवर नेली. म्हणजे "सीसी कमी तर धोका कमी" हे गृहीतक मी प्रश्नातच घुसडून दिलं होतं.

इथे अजून एक सावधानता. "800 सीसीमुळेच शर्यती कंटाळवाण्या झाल्या" असं काही जुने चाहते म्हणतात. पण त्याच काळात टायरचे नियमही बदलत होते आणि इलेक्ट्रॉनिक्सही झपाट्याने पुढे जात होतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या की दोष एकीवर टाकता येत नाही. चाहत्याने टाकला तर ते मत आहे. तुम्ही टाकला तर ती चूक आहे.

चौथी गोष्ट मला दुसऱ्या फेरीत कळली: कुणाचा चाहता? मार्च 2025 च्या थायलंडच्या शर्यतीत मार्क मार्केझने मुद्दाम भाऊ अॅलेक्सला पुढे जाऊ दिलं. कारण पुढच्या टायरमध्ये ठराविक किमान हवा असलीच पाहिजे असा नियम आहे. दुसऱ्या गाडीच्या मागे राहिलं की टायर तापतो आणि आतला दाब वाढतो. शेवटी मार्क पुन्हा पुढे आला आणि जिंकला. या नियमावर मत विचारलं तर मार्कचा चाहता म्हणतो, "काय डोकं लावलं!" विरोधक म्हणतो, "असल्या नियमाने शर्यतीचा खेळखंडोबा केला." दोघं नियमाबद्दल बोलतच नाहीत, आपल्या माणसाबद्दल बोलतात. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. केटीएमच्या गाड्या चाकणला बनतात, त्यामुळे ज्याचा भाऊ तिकडे कामाला आहे त्याला केटीएमचा नियम बरोबरच वाटणार. म्हणून आवडता रायडर आणि कंपनी जरूर विचारा, पण शेवटी. आधी विचारलंत तर पुढची सगळी उत्तरं त्याच रंगात रंगतात.

मग दुसऱ्या फेरीत मी केलं काय? कागद बाजूला ठेवला आणि शंकरपटाबद्दल विचारलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, पुढे राज्याने कायदा केला आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो ग्राह्य धरला, हे गावात सगळ्यांना आठवतं. चाबूक-काठी चालणार नाही या नियमावर प्रत्येकाला मत होतं, आणि ते मत माहितीवर उभं होतं. बोलता बोलता तीन कसोट्या त्यांच्याच तोंडून आल्या: इजा होते का, सगळ्यांना सारखी संधी आहे का, बघायला मजा येते का. मग म्हटलं, आता याच तीन कसोट्या मोटरसायकलला लावा. चर्चा रंगली ती तेव्हा. माझ्या नव्या प्रश्नावलीचे तीन भाग तेच आहेत. ते मला पुस्तकातून मिळाले नाहीत, गॅरेजवर मिळाले.

तुम्ही म्हणाल, शर्यतीच्या नियमांवर एवढं काय? ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा 13 वर्षांचा मुलगा पडून गेला. जागतिक स्पर्धेत त्याच वर्षी किमान वय, काही अपवाद सोडता, 18 केलं होतं. मी हे सांगितल्यावर गॅरेजवर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, "आपल्या पोराला बसवलं असतं का, असं विचारा ना." त्या वाक्याने मला शिकवलं की नियमाबद्दलचं मत प्रेक्षक म्हणून वेगळं असतं आणि बाप म्हणून वेगळं. दोन्ही खरी असतात. प्रश्नात कोणती भूमिका आहे ते स्पष्ट लिहावं लागतं.

जुनी उत्तरं मी फेकली नाहीत, पण निष्कर्षात वापरणारही नाही. प्रबंधात "पहिली चाचणी का फसली" असं एक छोटं प्रकरण असेल. मॅडम म्हणाल्या, लपवू नकोस, पुढच्याला उपयोग होईल. आणि नवीन उत्तरं आली तरी मी "भारतीय चाहत्यांना असं वाटतं" असं लिहिणार नाही. "केदारखेड्यात मी ज्यांच्याशी बोललो त्यांना असं वाटतं" एवढंच लिहीन. वाक्य लहान दिसतं, पण व्हायवात तेच टिकतं.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एक प्रश्न कागदावर लिहा. त्यात "आणि" आहे का? "माहीत नाही" ला जागा आहे का? उत्तर आधीच गृहीत धरलंय का? मग तो प्रश्न घरातल्या कुणाला तरी विचारा आणि उत्तरापेक्षा ते कुठे अडखळतात ते बघा. तिथेच तुमचा प्रश्न दुरुस्त करायचा आहे.