बाबांची वही, भावंडांची गाणी

घरात चार-पाच भावंडे असली की कुरबुरी ठरलेल्याच. मग त्याच भावंडांना एकत्र काम करायचे झाले तर? एकाने चाल बांधायची, दुसरीने गायची, तिसरीने पैसा उभा करायचा आणि चुकले तर तोंडावर सांगायचेही. हे जमवणारी कुटुंबे जगात थोडीच.

आयर्लंडमधील डंडॉक गावच्या तीन बहिणी आणि एक भाऊ यांचा 'द कॉर्स' हा बँड त्यांपैकी एक. अँड्रिया गाते, शेरन व्हायोलिन वाजवते, कॅरोलिन ड्रम्स आणि जिम गिटार. आईवडील दोघेही हौसेने कार्यक्रमांत गाणारे-वाजवणारे. १९९७ साली आलेल्या त्यांच्या 'टॉक ऑन कॉर्नर्स' या अल्बमने पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये खपाचा उच्चांक गाठला. पण १९९९ मध्ये आई गेली. २००५ साली या भावंडांनी 'होम' हा अल्बम काढला, तो आईच्या संग्रहातील जुन्या आयरिश गाण्यांचा.

आईवडिलांच्या मागे राहिलेल्या अशाच गाण्यांची गोष्ट मराठी माणसाला परकी नाही.

तंबोरा आणि वही

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी 'बलवंत संगीत मंडळी' गाजवली. पण नाटकांचे दिवस फिरले, बोलपटांचा उद्योग अंगाशी आला आणि वैभव ओसरले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा ते अवघे ४१ वर्षांचे होते. थोरल्या लताला तेरावे वर्ष चालू होते, तर धाकटा हृदयनाथ जेमतेम साडेचार वर्षांचा. मध्ये मीना, आशा आणि उषा. मुलांसाठी बाबांनी मागे ठेवले ते तंबोरा आणि चिजांची वही, असे लताबाई सांगत असत.

मास्टर विनायकांनी आधार दिला आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लता कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. अभिनयाची आवड नव्हती, पण घरात खाणारी तोंडे होती. ज्या वयात मुली सागरगोटे खेळतात, त्या वयात ती घरची कर्ती झाली.

दुरावा आणि सूर

या घरात सारे गोडच होते असे नाही. आशाबाईंनी लहान वयात घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले आणि काही काळ माहेरचे दार बंद झाले. पुढे दोघी बहिणींच्या चढाओढीच्या कहाण्या तर वर्षानुवर्षे चवीने सांगितल्या गेल्या.

या सगळ्यात दुवा ठरला तो धाकटा भाऊ. हृदयनाथांनी दोन्ही बहिणींच्या गळ्यांतले वेगळेपण ओळखले. १९७० च्या आसपास त्यांनी लताबाईंकडून शान्ता शेळके यांची कोळीगीते गाऊन घेतली. समुद्राकाठचा ठेका ध्वनिमुद्रिकेवर चढला आणि लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पोचला. आयरिश भावंडांनी गावची धून आणि गिटार एकत्र आणली, तसाच हा मेळ, पण कितीतरी वर्षे आधीचा. आशाबाईंसाठी त्यांनी सुरेश भटांच्या रचनांना अगदी वेगळ्या वळणाच्या चाली दिल्या. १९७४ मध्ये, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, 'शिवकल्याण राजा' आले. मीनाताईंनी बालगीतांची वाट धरली आणि स्वतःच्या मुलांनाही मायक्रोफोनसमोर उभे केले.

आणि १९७७ साली आला 'जैत रे जैत'. निर्मिती उषाताईंची, संगीत हृदयनाथांचे, गाणी ना. धों. महानोरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. या एकाच चित्रपटात लताबाईही गायल्या आणि आशाबाईही. ठाकर आदिवासींच्या जीवनावरील या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक दोघींची तुलना करीत राहिले, भावाने मात्र दोघींनाही आपापली जागा दिली.

तुमच्या घरातली वही

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. पण मराठी घर रायपूरला असो की बेळगावला, ही गाणी अजूनही वाजतात.

भावंडांत मतभेद व्हायचेच. घर, जमीन, दागिने वाटून घेताना ते वाढतात. पण गाण्याची वही फाडून वाटता येत नाही, ती सर्वांनी मिळूनच उघडावी लागते. तुमच्या घरीही आजीच्या ओव्या किंवा आईची भोंडल्याची गाणी कुठल्या तरी जुन्या वहीत असतील. या सुटीत भावंडे जमली की ती वही बाहेर काढा. ज्या भावाशी बोलणे कमी झाले आहे, त्यालाच पहिले गाणे म्हणायला सांगा.