खरखरीतून बोल कसा निवडावा?

खळ्यावर धान्य आले की आपण ते तसेच पोत्यात भरतो का? नाही. आधी उफणतो. वाऱ्याने भूस उडून जाते. मग सुपात पाखडतो, चाळणीने चाळतो. माती, खडे वेगळे होतात. तेव्हा कुठे खाण्याजोगे धान्य हाती लागते.

आवाजही असाच चाळता येतो. ते कसे, हे आज समजून घेऊ.

घरच्या रेडिओवर आपण नुसते ऐकतो. पण काही लोकांपाशी ऐकायचे आणि बोलायचे, असे दोन्ही करणारे बिनतारी यंत्र असते. ते हौसेने दूरदूरच्या माणसांशी बोलतात. त्यांना 'हॅम' म्हणतात. मात्र कोणीही उठून हे काम करायचे नाही. सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो.

ही हौस अडीअडचणीला फार उपयोगी पडते. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राच्या प्रचंड लाटा अंदमान-निकोबार बेटांवर आदळल्या. टेलिफोन बंद पडले. दिल्लीच्या भारती प्रसाद या बाई तेव्हा आपल्या सोबत्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. हौसेने बिनतारी यंत्र चालवायला म्हणून ही मंडळी तिथे गेली होती. ती लगेच मदतीला लागली. बेटावरच्या माणसांची खुशाली त्यांनी यंत्रावरून पलीकडे कळवली.

आता विचार करा. अशा वेळी कोणी सांगितले, "साठ माणसे अडकली आहेत," आणि खरखरीमुळे ऐकणाऱ्याला 'आठ' ऐकू आले, तर काय होईल? होड्या कमी जातील. अन्न कमी जाईल. म्हणून बोल स्वच्छ ऐकू येणे ही साधी गोष्ट नव्हे.

ही खरखर येते कुठून? दूर कुठे वीज चमकली तरी ती यंत्रात कडकडते. जवळची विजेची मोटार, मोबाइलचा चार्जर, काही एलईडी दिवे, हेही खरखर करतात. म्हणून पहिला उपाय फुकटाचा आहे. घरातली ही उपकरणे एकेक बंद करून पाहावी. जे बंद करताच खरखर थांबली, तोच चोर!

एवढे करूनही खरखर उरली, तर आवाजाची चाळणी लावावी. तिला फिल्टर म्हणतात. आवाज म्हणजे हवेची कंपने. जाड आवाजात ती कमी, बारीक आवाजात जास्त. माणसाचे बोलणे समजायला सेकंदाला सुमारे ३०० ते ३,००० कंपनांपर्यंतचा आवाज पुरतो. त्याच्या खालची घरघर आणि वरची सरसर फिल्टर अडवतो. नव्या पेट्या याहून हुशार असतात. बोलणे चढते, उतरते, मधेच थांबते. खरखर मात्र पुष्कळदा एकसारखी चालू राहते. हा फरक ओळखून पेटी खरखर दाबते.

ही पेटी यंत्र आणि कर्णा यांच्या मधे जोडतात. यंत्रातला आवाज पेटीत जातो आणि पेटीतून कर्ण्यात येतो. आधी फिल्टर बंद ठेवून आवाज बेताचा करावा. फार मोठा आवाज पेटीत सोडला तर बोल फाटतो. मग फिल्टर चालू करून खरखर दाबण्याची कळ थोडीथोडी फिरवावी. बोलणारा पाण्याखालून बोलतोय असं वाटू लागलं, की समजावं, जास्त झालं. कळ थोडी मागे घ्यावी. एकसारखी शिट्टी वाजत असेल, तर तिच्यासाठी बहुधा वेगळी कळ असते. ती खडा वेचावा तशी तेवढी शिट्टी वेचून काढते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चाळणी फार बारीक लावली तर दाणेही अडकतात. 'स'चा आवाज बारीक, म्हणजे वरच्या कंपनांचा. फिल्टर फार आवळला तर तो 'स'च खाऊन टाकतो. मग 'साठ'चे 'आठ' होतात! खरखर गेली, पण संख्या चुकली. कान सुखावला, काम बिघडले. तेव्हा थोडी खरखर राहिली तरी चालेल, बोल पुरा यावा.

गव्हाएवढा खडा चाळणीने निघत नाही, तो हातानेच वेचावा लागतो. तसेच दोघे एकदम बोलू लागले, तर फिल्टर त्यांना वेगळे करू शकत नाही. जो बोल आपल्यापर्यंत पोचलाच नाही, तोही फिल्टर आणून देत नाही. आणि ही पेटी फक्त आपले ऐकणे स्वच्छ करते. आपला बोल पलीकडे कसा ऐकू येतो, ते तिच्या हाती नाही.

म्हणून जाणती माणसे 'साठ' सांगून थांबत नाहीत. "साठ, म्हणजे सहा, शून्य," असे फोडून सांगतात. ऐकणारा तेच उलट म्हणून दाखवतो. सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटले, की मगच कागदावर लिहितो.

ही रीत आपल्यालाही कामाची आहे. फोनवर औषधाचे नाव, पैशाचा आकडा किंवा गाडीची वेळ कळली, तर ती उलट म्हणून खात्री करून घ्यावी. आणि आता लिहिता येते ना? मग लगेच लिहूनही ठेवावी.