कडकट्ट गेली, प्रश्नपेढी आली

अमेरिकेतल्या हॅम रेडिओ परवान्याचा विषय निघाला की जुनी मंडळी मोर्सच्या कडकट्टसाठी हळहळतात. १९९१ साली टेक्निशियन परवान्यापुरती ती सुटली. वरच्या परवान्यांना मिनिटाला १३ आणि २० शब्द लागत. २००० साली ते ५ वर आले, आणि २३ फेब्रुवारी २००७ रोजी तेही गेले.

मला मात्र खरा बदल दुसराच वाटतो. फार पूर्वी उमेदवाराला सर्किट कागदावर काढून दाखवावे लागे. आता टेक्निशियनचे ३५ प्रश्न उत्तरांसकट जाहीर केलेल्या प्रश्नपेढीतून येतात. २६ बरोबर आले की पास! घोकंपट्टीवाला पास होतो, पण एरियल किती लांब हवी विचारले की गप्प. आम्हा शिकवणाऱ्यांना हे नवे नाही.

मात्र १९८४ पासून परीक्षा हौशी स्वयंसेवकच घेऊ लागले, त्यामुळे लांबच्या सरकारी कचेरीची खेप वाचली. खेड्यातल्या पोराला ते केवढे!