विश्लेषण : मुलाला सांभाळणाऱ्या तरुणीवर मालकाचे प्रेम बसले तर? कथा काय सांगतात, कायदा काय सांगतो?

एकटा पडलेला प्राध्यापक, त्याचे लहान मूल आणि मुलाला सांभाळायला आलेली तरुणी. आधी खटके, मग काळजी, मग एका पावसाळी रात्री दोघे जवळ येतात. मोबाइलवर वाचल्या आणि ऐकल्या जाणाऱ्या प्रेमकथांत हा साचा चांगलाच चालतो. मात्र या कथेतला नायक नायिकेला दर महिन्याला पगारही देत असतो. त्यामुळे काय बदलते, ते पाहू.

हा साचा किती जुना?

शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ ही कादंबरी १८४७ मध्ये आली. वर्षाला ३० पौंडांवर एका मुलीला शिकवायला आलेली जेन घरमालक रॉचेस्टरच्या प्रेमात पडते. त्याची पत्नी हयात असल्याचे कळताच ती घर सोडते. ती परत येते तेव्हा काकांकडून मिळालेल्या वारशामुळे स्वतःच्या पायावर उभी असते. आता तिला त्याच्या पगाराची गरज उरलेली नसते.

रोहेना गेरा यांच्या ‘सर’ (२०१८) या चित्रपटात मूल नाही, पण पेच तोच आहे. मुंबईतल्या श्रीमंत तरुणाकडे राहून काम करणारी रत्ना गावाकडची मराठी विधवा आहे. तिलोत्तमा शोमने साकारलेली ही रत्ना अखेर काम सोडते आणि त्यानंतरच त्याला ‘सर’ न म्हणता नावाने हाक मारते. दोन्ही कथांत आधी नोकरी सुटते, मग नाते जुळते.

असे प्रेम बेकायदा आहे का?

नाही. दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीने जुळलेले नाते केवळ एक जण मालक आहे म्हणून गुन्हा ठरत नाही. त्यांना लग्नही करता येते. प्रश्न संमती खरी आहे का, हा असतो.

घर हे कामाचे ठिकाण आहे का?

हो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा राहत्या घरालाही कामाचे ठिकाण मानतो. पगार घेऊन घरकाम करणारी महिला, मग ती पूर्णवेळ असो वा अर्धवेळ, थेट ठेवलेली असो वा एजन्सीमार्फत आलेली, त्यात येते.

या कायद्याचा कणा ‘नकोसे वर्तन’ हा आहे. स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे यांपैकी काहीही तिला नको असेल, तर तो छळ ठरतो. ‘ऐकलेस तर पगार वाढवतो’ किंवा ‘नाही म्हणालीस तर उद्यापासून येऊ नकोस’ हे थेट किंवा आडून सुचवले, तरी ते त्यात मोडू शकते. ती गप्प राहिली म्हणजे तिने होकार दिला, असे नाही. घरातच राहणाऱ्या तरुणीची नोकरी गेली, तर डोक्यावरचे छप्परही जाते.

तक्रार कुठे करायची?

प्राध्यापकाच्या महाविद्यालयातली अंतर्गत समिती इथे कामाची नाही, कारण ती तरुणी महाविद्यालयाची नव्हे, तर त्याच्या घरची कर्मचारी आहे. तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तालुक्यात किंवा शहरातल्या प्रभागात नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडेही तक्रार देता येते.

मुदत घटनेपासून ३ महिने असते, सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने वाढते. तिला लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहून घ्यायला समितीने मदत करायची आहे. घरकामगार महिलेच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले, तर समितीला ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवावी लागते. तिनेच विनंती केली तर समेट होऊ शकतो, पण पैसे देऊन प्रकरण मिटवणे हा त्याचा आधार असू शकत नाही.

लग्नाचे वचन दिले आणि मोडले तर?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ६९ इथे महत्त्वाचे आहे. लग्न करायचेच नसताना तसे वचन देऊन किंवा नोकरी, बढतीचे खोटे आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवल्यास १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र वचन देतानाच फसवण्याचा हेतू होता का, हे न्यायालय तपासते. प्रामाणिकपणे जुळलेले नाते पुढे तुटले, तर तो आपोआप गुन्हा होत नाही.

मग खरोखरच प्रेम असेल तर?

आधी पगाराचे नाते संपवणे हा सरळ मार्ग. थकलेला पगार चुकता करावा, तिला दुसरे काम आणि राहायची जागा मिळेपर्यंत थांबावे, मुलासाठी वेगळी व्यवस्था लावावी. मुलाला तिचा लळा लागलेला असतो. त्याच्याशी तिची भेट तिच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये, कारण तोही दबावच ठरतो.

त्यानंतर विचारावे. तेव्हा ती ‘नाही’ म्हणाली तर तिची रोजीरोटी जाणार नाही आणि ‘हो’ म्हणाली तर तो होकार तिचा स्वतःचा असेल.